दहा बाय बाराच्या खोलीतला खर्ज

सबवूफर आणल्याच्या तिसऱ्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. भांडायला नाही, चौकशी करायला. "अरे, वर काही मशीन बसवलंयस का? आमच्या शोकेसमधले कप वाजतायत." मी ओशाळून सॉरी म्हटलं आणि दार लावून घेतलं. पण मला बसलेला धक्का वेगळाच होता. त्या तीन दिवसांत मला स्वतःला बेस जवळजवळ ऐकूच आला नव्हता! खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून मी आवाज वाढवत होतो, आणि त्याचा उपयोग फक्त काकूंच्या कपांना होत होता.

हा सगळा खटाटोप बाबांसाठी होता. बाबा गावाकडच्या भजनी मंडळात तीसेक वर्षं पखवाज वाजवायचे. आता त्यांना कमी ऐकू येतं. वयानुसार आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, तसे त्यांचेही गेलेत. 'स', 'श', 'फ' निसटतात, म्हणून बोलणं कळत नाही. खालचे आवाज मात्र बऱ्यापैकी शाबूत आहेत. आणि नेमके तेच मोबाईलच्या स्पीकरमधून येत नाहीत. मोबाईलवर पखवाज लावला की नुसती टिकटिक, 'धुम' गायब. दिवाळीनंतर ते श्रवणयंत्र बसवायला पुण्यात महिनाभर येणार होते. तोवर त्यांना खराखुरा 'धुम' ऐकवायचा, एवढाच बेत होता. त्यासाठी बारा इंची, पाठीमागे पोर्ट असलेला, बऱ्यापैकी महाग सबवूफर मी रिव्ह्यू वाचून मागवला आणि तोंडावर पडलो.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला एक सवय असते. कोड चालला नाही की तो कुणी, कधी, कशासाठी लिहिला ते मागे जाऊन बघायचं. मी तेच केलं. शंभर वर्षं मागे गेलो.

आज जो स्पीकर आपण ओळखतो, म्हणजे कागदाचा शंकू आणि त्याला चुंबकात हलणारी तारेची गुंडाळी, त्याचं व्यवहारात उतरलेलं रूप चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोन इंजिनिअरांनी १९२५ मध्ये मांडलं. शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खर्जाच्या लाटा एवढ्या लांब असतात (२० हर्ट्झची लाट साधारण १७ मीटर) की त्या शंकूला सहज वळसा घालतात आणि पुढचं-मागचं एकमेकांत मिसळून शून्य होतं. म्हणून मागची बाजू कोंडायला पेटी हवी. पण बंद पेटीतली हवा स्प्रिंगसारखी वागते. पेटी जितकी लहान, तितकी स्प्रिंग ताठ, आणि तितका खर्ज कमी.

मग पुढची तीस वर्षं माणसं पेट्या वाढवत गेली. बेल लॅब्समधल्या अल्बर्ट थुरास यांनी १९३० मध्ये पेटीला भोक पाडून मागच्या लाटेचाही उपयोग करून घ्यायच्या कल्पनेसाठी पेटंटचा अर्ज केला. माझ्या सबवूफरचा पोर्ट तो हाच. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये पॉल क्लिप्श यांनी त्याहून मजेशीर गोष्ट केली. त्यांचा क्लिप्शहॉर्न कपाटाएवढा होता आणि खोलीच्या कोपऱ्यातच ठेवावा लागायचा, कारण कोपऱ्याच्या दोन भिंती म्हणजेच त्याच्या कर्ण्याचा पुढचा भाग. खोली हाच स्पीकरचा भाग, हे क्लिप्श यांनी इतक्या आधी वापरून दाखवलं होतं. पुढची बरीच वर्षं लोक मात्र पेटीकडेच बघत राहिले.

या गोष्टीतला माझा हिरो एडगर व्हिल्चर. न्यूयॉर्क विद्यापीठात ते संध्याकाळचे ऑडिओचे वर्ग घ्यायचे. त्यांनी प्रश्न उलटा केला. त्या काळच्या वूफरचा शंकू कडेच्या ताठ घडीवर टांगलेला असायचा. ती घडी हीदेखील एक स्प्रिंग, आणि फार वाईट स्प्रिंग: थोडं ओढलं तर एक वागणूक, जास्त ओढलं तर दुसरी. म्हणजे आवाजात विकृती. उलट पेटीतल्या हवेची स्प्रिंग कितीतरी सरळमार्गी. मग घडी इतकी सैल का करू नये की शंकूला सावरायचं काम हवाच करेल? त्यासाठी हवा ताठ हवी, म्हणजे पेटी लहानच हवी. ज्या गोष्टीशी सगळे झगडत होते, तीच गोष्ट त्यांनी कामाला लावली.

पहिला नमुना त्यांनी घरीच बनवला. एका तयार वूफरची ताठ कडा कापून टाकली आणि गादीच्या अभ्र्याला वापरतात त्या कापडाची नवी, सैल कडा लावली. तिचा बेत त्यांच्या पत्नी रोझमेरी यांनी आखला, त्या युद्धकाळात ड्राफ्टिंगचं काम करत. कल्पना विकायला व्हिल्चर कंपन्यांकडे गेले तेव्हा कुणी दाद दिली नाही. दाद दिली ती वर्गातल्या एका विद्यार्थ्याने. हेन्री क्लॉस तेव्हा सैन्यात होता आणि केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समध्ये त्याची स्पीकरच्या पेट्या बनवायची जागा होती. १९५४ मध्ये दोघांनी अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि एआर-१ बाजारात आणला. दोन फुटांच्या आसपास लांबीची, पुस्तकांच्या फळीवर मावणारी पेटी, आणि खर्ज कपाटाएवढ्या पेट्यांना लाजवणारा. त्याची नुसता वूफर असलेली एआर-१डब्ल्यू ही आवृत्तीसुद्धा होती. ज्यांच्या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरना खर्ज झेपत नव्हता, ते ती जोडीला घेत. सबवूफर हा शब्द रुळायच्या आधीचा सबवूफरच म्हणायचा! चार वर्षांत स्टिरिओ रेकॉर्ड आल्या, घरात एकाऐवजी दोन स्पीकर ठेवायची वेळ आली, आणि दोन कपाटं ठेवायला जागा कुणाकडे होती? व्हिल्चर यांचं पेटंट पुढे कोर्टात टिकलं नाही, पण तोवर छोटी बंद पेटी सगळीकडे पोहोचली होती.

अर्थात फुकट काही मिळत नाही. ही किंमत नेमकी केवढी, याचं गणित जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखलं जातं. (प्रसिद्ध पियानोवादक योसेफ हॉफमन यांचा हा मुलगा. केएलएच कंपनीच्या नावातला 'एच' तोच.) खोल खर्ज, लहान पेटी आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी कोणतेही दोन घ्या. तिसरं मिळणार नाही. पेटी तेवढीच ठेवून एक सप्तक खाली जायचं तर कार्यक्षमता आठपट घसरते. १९५४ मध्ये आठपट शक्तीचा अ‍ॅम्प्लिफायर ही चैन होती. आज हातभर पेटीत शेकडो वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर बसतो, म्हणून आपण हॉफमनच्या नियमातलं 'कमी वीज' हे कलम खुशाल सोडून देतो. लहान सबवूफर शक्य झाले ते नियम मोडून नाही, बिल भरून.

पोर्टवाल्या पेट्यांचं गणित सुटलं ते ऑस्ट्रेलियात. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये एक निबंध लिहिला, तो तिथल्याच एका नियतकालिकात आला आणि बाहेर फारसा कुणी वाचला नाही. दहा वर्षांनी, १९७१ मध्ये, ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलने तो पुन्हा छापला. सिडनी विद्यापीठातल्या रिचर्ड स्मॉल यांनी ते काम पुढे नेलं. आज कोणत्याही वूफरच्या डेटाशीटवर थील-स्मॉल आकडे असतात. त्याआधी पेटी बनवणं हे बरंचसं अंदाजपंचे होतं. चांगलं काम दहा वर्षं पडून राहतं हे वाचून मला माझ्या ऑफिसातले काही पुल रिक्वेस्ट आठवले, पण असो.

मग सिनेमा आला. १९७४ च्या 'अर्थक्वेक'साठी युनिव्हर्सलने 'सेन्सराउंड' आणलं, थिएटरात अजस्र वूफर ठेवून प्रेक्षकांना खुर्चीसकट हलवायचं. १९८७ मध्ये टॉमलिन्सन हॉलमन यांनी पाच पूर्ण वाहिन्या आणि एक फक्त खर्जाची, तिचा हिशेब म्हणून 'पॉइंट वन', अशी मांडणी सुचवली. तोच ५.१ पुढे आपल्याकडच्या टीव्हीच्या दुकानांतल्या होम थिएटरच्या खोक्यांवर झळकला. खोक्यावर खोलीबद्दल एक अक्षर नसायचं.

आणि माझी चूक खोलीतच होती.

दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक आवाज अडकून घुमतो. हे गणित जुनं आहे, लॉर्ड रेली यांनी एकोणिसाव्या शतकातच ते लिहून ठेवलंय. ध्वनीच्या वेगाला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागायचं. माझी खोली बारा फूट लांब, म्हणजे ३.६६ मीटर: उत्तर ४७ हर्ट्झ. दहा फुटांच्या रुंदीचं उत्तर ५६. या आवाजांना भिंतीपाशी जोर असतो आणि खोलीच्या मधोमध जवळपास शून्य. माझी खुर्ची कुठे होती? मधोमध. सबवूफर कुठे होता? कोपऱ्यात, जिथून हे आवाज सगळ्यात जास्त चेतवले जातात. म्हणजे खोली दणाणत होती आणि मी तिच्यातल्या एकमेव शांत जागी बसून आवाज वाढवत होतो. त्यात आपल्या इमारती विटा-काँक्रीटच्या. अमेरिकेत लाकडी चौकटीवरच्या पातळ भिंतींतून बराच खर्ज बाहेर निसटतो. आपल्या भिंती तो आतच ठेवतात. आणि जो स्लॅबमधून उतरतो, तो थेट काकूंच्या शोकेसमध्ये. गणपतीत ढोल-ताशा कधी असा गढूळ वाटत नाही, कारण रस्त्याला छत आणि चार भिंती नसतात.

पण लहान खोली नुसती शत्रू नाही, हे मला सगळ्यात उशिरा कळलं. खोलीच्या सर्वांत खालच्या घुमणाऱ्या आवाजाच्याही खाली, माझ्याकडे ४७ च्या खाली, लाट खोलीत मावतच नाही. मग सबवूफर अख्ख्या खोलीतली हवा पंपासारखी दाबतो आणि सोडतो. पक्क्या, बंद खोलीत इथे आवाज आपोआप उचलला जातो, सैद्धांतिकदृष्ट्या दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत. छोट्या गाडीत साधा वूफरही पोट हलवतो तो याच कारणाने. आता गंमत बघा. बंद पेटीचा सबवूफर खाली जाताना दर सप्तकाला १२ डेसिबलनेच घसरतो. एक जितकं उतरतं, तितकं दुसरं चढतं. पोर्टवाला मात्र त्याच्या ठरवलेल्या सुराखाली २४ ने कोसळतो, आणि त्या सुराच्या वर खोलीची मदत मिळून फुगतो. प्रत्यक्षात दारं-खिडक्या गळतात, हिशेब इतका नेमका जुळत नाही. तरी दहा बाय बारासाठी व्हिल्चर यांची बंद पेटीच बरी, हे कागदावर स्पष्ट होतं.

उरला प्रश्न ४७ आणि ५६ चा. याचं उत्तर २००२ मध्ये हार्मन कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी दिलं. 'किती सबवूफर पुरेत?' असाच त्यांच्या निबंधाचा प्रश्न होता. त्यांनी आयताकृती खोलीत सबवूफरची संख्या आणि जागा बदलून ताडून पाहिलं. निष्कर्ष असा की चारच्या पुढे काही फायदा नाही, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यभागी एकेक ठेवले तर दोघांत बरंचसं काम होतं. कारण सोपं आहे. लांबीतला ४७ चा आवाज दोन टोकांना उलट दिशेने हलतो. दोन्ही टोकांवरून एकाच तालात ढकललं तर तो उभाच राहत नाही. आणि भिंतीचा मध्य ही रुंदीतल्या ५६ ची शांत जागा, म्हणून तोही चेतत नाही. मोठ्या एकाऐवजी लहान दोन, हे मोठ्या आवाजासाठी नाही तर सपाट आवाजासाठी.

बारा इंची मी तोट्यात विकला. किती तोट्यात ते सांगत नाही, बाबा हा लेख वाचतील. त्या पैशांत थोडी भर घालून आठ इंची, बंद पेटीचे, अगदी साधे दोन घेतले. दोन्ही लांबीच्या टोकांना, भिंतीच्या मध्यावर, खाली रबराचे जाड तुकडे. एक दाराच्या वाटेत येतो, त्याला रोज ठेच लागते. खुर्ची मधोमधच ठेवली, कारण आता तिथे खड्डा नव्हता. स्पीकरकडून ८० हर्ट्झला ताबा घेतला. तंबोऱ्याची खर्जाची तार पुरुषांच्या काळी एकला सत्तरच्या आसपास येते, तेवढं डोळ्यांसमोर होतं. आवाज आधीपेक्षा निम्माही ठेवावा लागला नाही. काकूंना खाली फोन करून विचारलं, "कप?" त्या म्हणाल्या, "पंखा बंद केला तर जरासं कळतं. नऊनंतर लावू नकोस." रबराने काँक्रीटमधून जाणारा खर्ज थांबत नाही, तेव्हा नऊची अट मान्य केली.

बाबा आले. श्रवणयंत्र बसवून दोन दिवस झाले होते, ताटल्यांचा आवाज सहन होत नाही म्हणून ते वैतागलेले होते. त्यांना मी सांगितलं की स्पीकरवाल्या व्हिल्चर यांनीच उतारवयात श्रवणयंत्रांवर काम केलं. हळू आवाज उचलायचे पण मोठे तितके उचलायचे नाहीत, आणि हे वरच्या व खालच्या आवाजांसाठी वेगवेगळं करायचं, हा त्यांचा १९७३ चा निबंध. आजची बहुतेक यंत्रं याच वाटेने चालतात. त्याचं पेटंट त्यांनी घेतलंच नाही.

"मग ताटल्यांचं त्याला कुणी सांगितलं नाही वाटतं," बाबा म्हणाले.

त्यांना खुर्चीत बसवलं आणि पखवाजाचं एक जुनं एकल वादन लावलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. डावा हात मांडीवर होता, बोटं हलत नव्हती. मला वाटलं, नाही जमलं. तिसऱ्या आवर्तनाला त्यांनी हात वर करून थांबवायला सांगितलं.

"डाव्या पुडीला कणीक कमी लावलीय यांनी," ते म्हणाले. "पुन्हा लाव बरं, पहिल्यापासून."

घड्याळात पावणेनऊ झाले होते.