आधी उतरू दे, मग लाव!

तर मंडळी, या वीकेंडला विषय बॅटरीचा. "पूर्ण उतरू दे, मगच चार्जिंगला लाव" हा सल्ला तुम्हीही कधीतरी ऐकला असेलच. पण हा आला कुठून?

निकेल-कॅडमियममधून. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने १८९९ मध्ये ही बॅटरी शोधली. जुन्या लॅपटॉपमध्ये तीच असायची. दर वेळी अर्धीच वापरली, तर ती पुढे अर्ध्यावरच दम टाकायची. म्हणून अधूनमधून पूर्ण उतरवणं भाग. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बाजारात आणली. रसायन बदललं, सवय मात्र तीच राहिली!

आता आमच्या देवळ्याकडे या. २००५ नंतरची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्रात लोडशेडिंगने नुसता उच्छाद मांडला होता. लाइट आली की पाण्याची मोटर, गिरणी, मोबाइल, लॅपटॉप... भरता येईल ते भरून घ्यायचं. सोबतीला इन्व्हर्टर. त्यातली लेड-ॲसिड बॅटरी म्हणजे गास्ताँ प्लांतेचा १८५९ चा शोध. तिची तऱ्हा उलटी : भरलेली असली की सुखी, रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती बसते.

म्हणजे एकीला पूर्ण उतरवा, दुसरीला भरून ठेवा. आणि लिथियमला दोन्ही टोकं नकोत. १०० टक्क्यांवर तिचा सेल सुमारे ४.२ व्होल्टला ताणलेला असतो. त्यात उष्णतेची भर पडली की ती लवकर म्हातारी होते. म्हणून २० ते ८० च्या मधे ठेवा. बरेच दिवस वापरायची नसेल, तर अर्धी भरून थंड जागी. उन्हाळ कांदा चाळीत का ठेवतात, हे देवळ्यात कुणाला समजवावं लागत नाही, तसंच हे.

मग लोडशेडिंगमध्ये १०० टक्के भरणारे चुकत होते का? मुळीच नाही. रात्री प्रोजेक्ट पुरा करायचाय आणि लाइट थेट सकाळी येणार, तेव्हा बॅटरीच्या आयुष्यापेक्षा ती रात्र महत्त्वाची. बॅटरी आपल्यासाठी असते राव, आपण बॅटरीसाठी नाही!

पण पुण्या-मुंबईत दिवसभर प्लग लावून बसणाऱ्यांना ही सबब नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावायची सोय असते, ती आजच लावा. गावी निघायच्या आदल्या रात्री मात्र काढा, आणि खुशाल पूर्ण भरा.