घाटापलीकडे

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा परदेशी गेले, आणि तेही एकटी. साल २००६, महिना फेब्रुवारीचा. कॅनडात टोरांटोला मुलीचं पहिलं बाळंतपण होतं. हे बरोबर येणार होते, पण डिसेंबरात यांची बायपास झाली आणि एक तिकीट रद्द करावं लागलं. लोणावळ्याच्या शाळेत मी तीस वर्षं इतिहास शिकवला. कोलंबस आणि वास्को द गामा यांच्या सफरी मुलांकडून पाठ करून घेतल्या. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र पोटात गोळा! फ्रँकफर्टला विमान बदलायचं होतं. तिथे दार सापडलं नाही तर? अधिकाऱ्याचं बोलणं कळलं नाही तर? यांनी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत चार इंग्रजी वाक्यं लिहून दिली होती. रात्री दोन वाजता उठून मी ती वाचत होते आणि बॅगेतली चिक्कीची पाकिटं पुन्हा पुन्हा मोजत होते.

निघण्याच्या आदल्या दिवशी एकवीरेची ओटी भरायला कार्ल्याला गेले. देवीचं देऊळ आणि कार्ल्याचं लेणं अगदी शेजारी-शेजारी. ओटी भरून झाल्यावर मी चैत्यगृहात जाऊन बसले. मुलांच्या सहलीबरोबर तिथे कितीदा तरी गेले होते. पण त्या दिवशी खांबांवरचे लेख वेगळेच वाटले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं हे लेणं. ते कुणा एका राजाने खोदवलेलं नाही. अनेकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे कुणी खांब दिला, कुणी दार दिलं, आणि तिथे ब्राह्मी लिपीत आपलं नाव कोरून घेतलं. त्यांत ‘धेनुकाकटचा यवन’ असं सांगणारे दाते बरेच आहेत. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले परदेशी. धेनुकाकट नेमकं कुठे, याबद्दल विद्वानांत एकमत नाही. पण या यवनांची नावं पाहा: सिंहध्वज, धर्म. नावं आपली, ओळख मात्र यवनाची.

सोपारा-कल्याणच्या बंदरांतून निघालेला माल घाट चढून देशावर यायचा. त्या वाटेवर भाजे, बेडसे, कार्ले ही लेणी आहेत. पावसाळ्यात मावळात काय होतं, हे आपल्याला सांगायला नको. अशा मुलखात वाटसरूला भिक्षूंचा विहार म्हणजे केवढा आधार! या माणसांपैकी कुणाचा तरी बाप किंवा आजा कधीतरी पहिल्यांदा हा घाट चढला असेल. त्यालाही रात्री झोप लागली नसेल. पण पुढच्या पिढ्यांनी इथल्या खांबावर नाव कोरलं. परका मुलूख आपला झाल्याची याहून पक्की नोंद कोणती?

दुसऱ्या दिवशी मी गाडीने ठाण्याला भावाकडे निघाले. विमान रात्रीचं होतं. खंडाळा मागे पडलं आणि बोगदे सुरू झाले. या बोगद्यांशी एका बाईचं नाव जोडलेलं आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तिचं नाव ॲलिस ट्रेडवेल. बोरघाटातल्या रेल्वेचं काम पहिल्या कंत्राटदाराने सोडल्यावर सॉलोमन ट्रेडवेल यांनी ते घेतलं. १८५९ मध्ये नवराबायको इंग्लंडहून आले आणि काही आठवड्यांतच सॉलोमन वारले. ॲलिसबाईंना परतीची बोट धरता आली असती. तसं त्यांनी केलं नाही. कंत्राट स्वतःकडे ठेवलं आणि ॲडमसन व क्लाउझर या दोन अनुभवी अभियंत्यांवर कामाची व्यवस्था सोपवली. सुमारे १५ मैलांचा चढ, २५ बोगदे. १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक मजूर या घाटात राबत होते. कॉलऱ्याने कितीतरी माणसं नेली. १८६३ मध्ये घाटातून गाडी सुरू झाली. त्या मजुरांतही लांबून आलेले पुष्कळ होते. त्यांची नावं मात्र कुठे कोरलेली नाहीत. ॲलिसबाई एकट्या पडल्या खऱ्या, पण विश्वास टाकता येईल अशी दोन माणसं त्यांनी वेळेवर शोधली. मला वाटतं, त्यांचं खरं शहाणपण इथे आहे.

गाडी कल्याणला थांबली, आणि अर्थातच आठवल्या आनंदीबाई जोशी. जन्म पुण्याचा, १८६५ चा, बालपण कल्याणला. नवव्या वर्षी लग्न. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. त्यातून डॉक्टर होण्याचा ध्यास पक्का झाला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळ श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी इंग्रजीत भाषण केलं. वयाची अठरा वर्षंही पुरी व्हायची होती. लोक विचारत होते ते सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले. अमेरिकेलाच का? इथे शिक्षणाची सोय नाही का? एकटी का जाते? परत आल्यावर वाळीत टाकतील त्याचं काय? संकट आलं तर काय करशील? आणि आजवर कुणा बाईने केलं नाही, ते तू का करतेस? एकेक प्रश्न घेऊन त्यांनी उत्तर दिलं. एकटी का, याचं उत्तर साधं होतं: दोघांच्या खर्चाला पैसा नव्हता आणि गोपाळरावांवर घरची माणसं अवलंबून होती. वाळीत टाकण्याची भीती त्यांनी उडवून लावली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा त्यांचा निर्धार होता.

आपण हे भाषण धैर्याचा नमुना म्हणून मुलांना सांगतो. त्या दिवशी कल्याणच्या फलाटाकडे बघताना मला वाटलं, यांतले निम्मे प्रश्न रात्री अंथरुणावर त्यांनी स्वतःलाही विचारले असतील. उत्तरं इतकी तयार कशी, नाहीतर?

पण आनंदीबाई अगदी अनोळखी देशात जात नव्हत्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंनी १८८० मध्ये दातांच्या डॉक्टरकडे ताटकळत बसल्या असताना एका मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचलं आणि स्वतःहून आनंदीबाईंना लिहिलं. पुढे दोघींची पत्रं सुरू राहिली. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. ७ एप्रिल १८८३ ला बोट कलकत्त्याहून सुटली. बरोबर मिशनरी बायका होत्या. घरचं कुणी नव्हतं. जूनच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर मावशी घ्यायला आल्या होत्या.

भीती खोटी होती असं मात्र म्हणता येत नाही. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून डॉक्टर झाल्या, पण क्षयाने गाठलं होतं. वर्षाअखेर त्या परतल्या. मुंबईहून पुण्याला जाणारी आगगाडी तेव्हाही याच घाटातून जायची. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं; बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सी इथे, मावशींच्या घराण्याच्या जागेत तिचं दफन झालं. तिथल्या दगडावर आनंदीबाईंचं नाव आहे. कार्ल्याच्या खांबावर यवनाचं आणि तिथल्या दगडावर कल्याणच्या जोश्यांचं.

माझा प्रवास यापुढे काहीच नव्हता. फ्रँकफर्टला दार सापडलं. टोरांटोच्या अधिकाऱ्याने विचारलं, कुणाकडे आलात? मी मुलीचं नाव सांगितलं. यांचा पुठ्ठा पर्समध्येच राहिला. इतक्या रात्री जागून काढल्या त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडात आधीपासूनच होतं. तेव्हा कळलं, मुलूख किती लांब आहे यावर भीती ठरत नाही. तिकडे आपलं नाव घेणारं कुणी आहे की नाही, यावर ती ठरते. मुंबईला गेलेल्या मावळातल्या कितीतरी माणसांच्या खिशात पैसे नसतील, पण गाववाल्याचा पत्ता असायचा. तो याचसाठी.

त्या बाळंतपणात झालेली नात आता कॉलेजात आहे. गेल्या वर्षी ती पहिल्यांदा एकटी लोणावळ्याला आली. निघण्याच्या आदल्या रात्री तिचा फोन आला, ‘आजी, मला भीती वाटतेय.’ तिच्या लेखी अनोळखी देश आपला होता! मी तिला घाबरू नकोस असं म्हटलं नाही. म्हटलं, पत्ता कागदावर लिहून जवळ ठेव, फोन कधीही बंद पडतो. मुंबईच्या विमानतळावर मी काठी टेकत उभी होते. चार दिवसांनी तिला कार्ल्याला नेलं आणि तो खांब दाखवला. अक्षरं तिला वाचता आली नाहीत. अर्थ सांगितल्यावर मात्र ती बराच वेळ खांबावर हात ठेवून उभी राहिली.