दुव्याचे मोल

मराठीत 'दुवा' हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. साखळीतली एकेक कडी म्हणजे दुवा, आणि कोणी मनापासून दिलेला आशीर्वाद तोही दुवाच. महाजालावरील 'लिंक'साठी मराठी मंडळींनी हा शब्द योजला तेव्हा त्यांच्या मनात बहुधा पहिलाच अर्थ असावा. पण संकेतस्थळे रचणारे आणि त्यांचा प्रसार करणारे परस्परांच्या आधाराने कसे उभे राहिले, हा इतिहास वाचू लागले की दुसरा अर्थ वारंवार डोकावतो. आशीर्वाद मोजला जाऊ लागला की त्याचे काय होते, असाच काहीसा हा इतिहास आहे.

१९९१ साली महाजाल सर्वांसाठी खुले झाले, तरी पुढची काही वर्षे तेथे एखादे पान सापडणे ही नशिबाचीच गोष्ट होती. शोधयंत्रे तोकडी होती. अशा वेळी ज्याने पान रचले त्यालाच त्याच्यासाठी वाचकही शोधावा लागे. रचनाकार आणि विक्रेता या दोन भूमिका अजून वेगळ्या व्हायच्या होत्या. १९९५च्या सुमारास अमेरिकेतील ऑरेगन राज्यातल्या सेज वाइल या विद्यार्थ्याने 'वेबरिंग' सुरू केले. एकाच विषयाची संकेतस्थळे एका वलयात गुंफायची, प्रत्येकाच्या तळाशी 'मागचे' आणि 'पुढचे' असे दुवे ठेवायचे, आणि वाचकाने पुढे-पुढे जात अखेर मूळ पानावर परत यायचे, अशी ही साधी योजना. वलयात कोणाला घ्यायचे हे वलयाचा चालक ठरवी. येथे कोणाला किती वाचक मिळाले याचा हिशेब कोणी मागत नव्हते. शेजाऱ्याचे दार दाखवले की आपलेही दार कोणीतरी दाखवील, एवढ्या भरवशावर सारे चाले.

हिशेब आला तो १९९६ साली. हार्वर्डमध्ये शिकलेल्या टोनी शे आणि संजय मदन या तरुणांनी 'लिंकएक्सचेंज' काढले. सभासदाने आपल्या पानावर दुसऱ्याच्या जाहिरातीची पट्टी दाखवायची. ती दोनदा दिसली की त्याची स्वतःची पट्टी अन्यत्र एकदा दिसणार. उरलेली अर्धी जागा कंपनीची, ती विकून तिचा खर्च भागायचा. छोट्या संकेतस्थळांच्या चालकांना हा व्यवहार मनापासून आवडला, कारण खिशात पैसा नसतानाही जाहिरात करता येत होती. पण शेजारधर्माला येथे प्रथमच दर लागला : दोनास एक. १९९८ साली मायक्रोसॉफ्टने ही कंपनी सुमारे २६.५ कोटी डॉलर्सना विकत घेतली. त्याच वर्षी 'वेबरिंग' जिओसिटीजकडे गेले, आणि १९९९ साली जिओसिटीजसह याहूकडे. २००० साली याहूने केलेले बदल अनेक वलयचालकांना रुचले नाहीत, आणि पुढच्याच वर्षी याहूने त्यातून अंग काढून घेतले.

तथापि, खरे वळण आले ते विद्यापीठातून, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी ते विशेष लक्षात घ्यावे असे आहे. युजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली वैज्ञानिक लेखांची उद्धरणसूची प्रसिद्ध केली होती. कोणत्या लेखाचा हवाला किती जणांनी दिला, यावरून त्याचा प्रभाव अजमावता येतो, ही कल्पना त्यानंतर रूढ झाली. स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी तोच न्याय महाजालाला लावला. एका पानाने दुसऱ्याला दुवा दिला तर ते मत समजावे, आणि ज्याला स्वतःला बरीच मते आहेत त्याच्या मताला अधिक वजन द्यावे. आपण शोधनिबंधाला जोडतो ती तळटीप अशा रीतीने गूगलचा पाया झाली. २००० सालच्या अखेरीस गूगलने ब्राउझरच्या पट्टीवर प्रत्येक पानाचा हा गुण शून्य ते दहा या मापात उघड दाखवायला सुरुवात केली. माझ्या मते लिंकएक्सचेंजच्या दोनास एकपेक्षाही हा क्षण अधिक निर्णायक. आता कोणाचा दुवा किती मोलाचा हे कोणालाही दिसू लागले, आणि दिसणाऱ्या मोलाचा बाजार भरायला कितीसा वेळ लागणार? परस्पर दुव्यांचे करार, विकत मिळणारे दुवे, केवळ दुव्यांसाठी उभारलेली पाने हे सारे विपणनाच्या नित्यकर्मात जमा झाले.

याच काळात रचनाकारांचे सहकार्य मात्र निराळ्या वाटेने चालले होते. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या चढाओढीत तेच पान दोन ब्राउझरांसाठी दोनदा लिहावे लागे. त्याला कंटाळलेल्या रचनाकारांनी १९९८ साली 'वेब स्टँडर्ड्‌स प्रोजेक्ट' ही चळवळ उभारली. व्यवसायात एकमेकांचे स्पर्धक असलेली ही माणसे कंपन्यांपुढे मात्र एका मागणीसाठी एकत्र आली. २००३ साली कॅनडातील डेव्ह शे यांनी 'सीएसएस झेन गार्डन' मांडले. मजकुराची संहिता सर्वांना एकच, तिला कोणी हात लावायचा नाही. रचनाकाराने केवळ शैलीची वेगळी फाईल पाठवायची. एकच बंदीश निरनिराळ्या गवयांनी मांडावी तशी एकाच पानाची कितीतरी रूपे तेथे दिसली. प्रत्येक रूपाखाली रचनाकाराचे नाव आणि त्याच्याकडे नेणारा दुवा असे. तोही दुवाच, त्यातूनही प्रसिद्धी मिळतच होती. मात्र आधी काम मांडावे लागे. विपणनकारांवर सरसकट दोष टाकण्याचा मोह येथे होतो, पण तो टाळावा. त्यांनी गुणपट्टी तयार केली नव्हती, ती केवळ वाचली होती.

जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून 'नोफॉलो' ही खूण मान्य केली. दुवा द्यावा, पण हे मत धरू नये, असे शोधयंत्राला सांगण्याची ही सोय होती. आशीर्वाद देताना 'हा हिशेबात धरू नका' असे बजावण्याची वेळ आली होती. एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' नावाच्या बदलाने गूगलने कृत्रिम दुव्यांवर सरळ कारवाई केली, आणि रातोरात असंख्य संकेतस्थळे निकालांत खाली घसरली. ऑक्टोबरमध्ये नको असलेले दुवे नाकारण्याचे साधनही गूगलने दिले. त्याआधी व नंतरही कित्येकांनी वर्षानुवर्षे गोळा केलेले दुवे काढून टाकण्यासाठी अनोळखी संकेतस्थळांच्या चालकांना विनंतिपत्रे धाडली. काही चालकांनी उलट टपाली दुवा काढण्याचे शुल्क कळवले.