भिवंडीची भिशी आणि आहारतज्ज्ञाचा पेशा

महाराष्ट्रात आहारतज्ज्ञाचा पेशा रुजला तो मोठ्या चुलींभोवती. रुग्णालय, कारखान्याचे कॅन्टीन, अंगणवाडी अशा ठिकाणी अनेकांचे अन्न एकत्र शिजू लागले आणि त्याचा हिशेब कायद्याने किंवा सरकारने मागितला, तिथे आहारशास्त्र शिकलेल्यांना नोकरी मिळाली. यंत्रमागांच्या भिवंडीतही चूल मोठीच होती, पण तिथल्या ताटाचा हिशेब बराच काळ कोणी मागितला नाही.

विषयाचा पाया दक्षिणेत घातला गेला. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी 1918 मध्ये कुन्नूरला बेरीबेरीवर सुरू केलेल्या कामातून पोषण संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. ती 1958 मध्ये हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. भारतीयांना रोज किती उष्मांक आणि प्रथिने लागतात, याच्या शिफारशी 1944 मध्ये प्रथम ठरल्या. बडोद्यात 1949 मध्ये गृहविज्ञान विद्याशाखा निघाली. मुंबईत लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने 1954 मध्ये खाद्यव्यवस्था आणि उपयोजित पोषण शिकवणारी संस्था सुरू झाली; दादरचे आजचे हॉटेल मॅनेजमेंट महाविद्यालय ते हेच. एसएनडीटी आणि निर्मला निकेतनच्या गृहविज्ञान महाविद्यालयांतून मुलींच्या पिढ्या बाहेर पडल्या. भारतीय आहारशास्त्र संघटना 1963 मध्ये स्थापन झाली आणि डॉ. सी. गोपालन तिचे पहिले अध्यक्ष झाले.

या पदवीधरांचे हक्काचे ठिकाण म्हणजे रुग्णालय. सकाळी वॉर्डात फिरून प्रत्येक खाटेचा आहार ठरवायचा: पूर्ण, हलका, पातळ, मधुमेहाचा, कमी मिठाचा. मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या वरणाचे माप धरायचे, नळीने अन्न घेणाऱ्याला दर दोन-तीन तासांनी किती मिलिलिटर द्यायचे ते लिहायचे, मग स्वयंपाकघरात जाऊन तसेच शिजते आहे का ते पाहायचे. औषधाइतकेच काटेकोर काम आहे हे. तरी आहारतज्ज्ञाला रुग्णालयात डॉक्टरच्या बरोबरीचा मान मिळायला फार वेळ लागला.

दुसरा दरवाजा 1948 च्या कारखाने कायद्याने उघडला. 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कॅन्टीन ठेवण्याची सक्ती त्यातूनच आली. मुंबईच्या गिरण्या या मापात बसत, भिवंडी बसत नव्हती. 1857 नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी इथे हातमाग वाढवले, 1930 च्या दशकात यंत्रमाग आले आणि 1982 च्या मुंबईतल्या गिरणी संपानंतर ते आणखी फोफावले. हे माग छोट्या छोट्या शेडमध्ये विखुरलेले. गावभर कामगार लाखांच्या घरात, पण एका छपराखाली मोजावे तर मूठभर. कॅन्टीनचे कलम कुठेच लागू होईना.

ती जागा भिशीने भरली. पैशांची भिशी वेगळी. ही भिशी म्हणजे एकट्या राहणाऱ्या कामगारांची खानावळ, काहींच्या तोंडी भिसी. बारा तासांची पाळी संपवून, केसांत कापसाची तूस घेऊन माणूस येतो, पाटावर किंवा सतरंजीवर बसतो. भात, डाळ, रोटी, एखादी भाजी, ठरल्या वारी मटण. वहीत नावापुढे खूण होते आणि पगार झाला की हिशेब चुकता होतो. पोट भरते हे खरेच, आणि परगावी आलेल्या माणसाला तो मोठा आधार असतो. पण डाळीत पाणी किती, भाजीत तेल किती, हे भिशीवाला भाव बघून ठरवतो. मेहनतीच्या कामाला किती उष्मांक लागतात याचे कोष्टक देशात तयार असताना ते या ताटापर्यंत आणण्यासाठी कोणाचेही पद निर्माण झाले नाही, ही या इतिहासातली सर्वांत बोचणारी गोष्ट.

सरकारी काम आले ते मुलांच्या निमित्ताने. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली. 1992 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून अधिक बालके दगावली आणि कुपोषण हा शब्द राज्याच्या राजकारणात आला. 2005 मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभे राहिले. मुख्यसेविका, बालविकास प्रकल्प अधिकारी, पोषण पुनर्वसन केंद्रातील समुपदेशक या वाटा गृहविज्ञान आणि पोषण शिकलेल्यांना इथे मिळाल्या. दंडाला तिरंगी फीत गुंडाळायची, माप 11.5 सेंटिमीटरच्या खाली, लाल पट्ट्यात गेले की मूल तीव्र कुपोषित.

मधुमेह आणि लठ्ठपणा वाढले तसे शहरांत खासगी सल्ला केंद्रे, व्यायामशाळा आणि खाद्य कंपन्यांत कामे निघाली. 2021 च्या केंद्रीय कायद्याने आहारतज्ज्ञांना संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत जागा दिली. भिवंडीच्या मुलीला आहारशास्त्राचे शिक्षण घ्यायचे तर आधी रिक्षा किंवा बसने कल्याण वा ठाणे गाठावे लागते, मग लोकल. भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर असल्याने तिथून मुंबईची थेट लोकल नाही.

दरम्यान मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ भागांत गोदामांचा पट्टा पसरला. अन्नपदार्थ साठवणाऱ्या गोदामाला 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली परवाना लागतो, त्यामुळे अन्न आणि पोषण शिकलेल्यांना गुणवत्ता तपासणीची कामे गावाजवळ मिळू शकतात. कामगारांच्या सुरक्षा व आरोग्यविषयक 2020 च्या संहितेत कॅन्टीनची मर्यादा 100 कामगारांवर आली असून त्यात कंत्राटी कामगारही मोजले जातात. मोठी गोदामे त्यात येतात. दहा-वीस जणांची मागाची शेड अजूनही बाहेरच राहते, आणि तिथल्या कामगाराचे जेवण भिशीतच होते.