नोंदवहीतले ख्रिस्ती

आपल्या प्रत्येक धर्मग्रामाच्या कचेरीत जाड पुठ्ठ्याच्या बांधणीच्या नोंदवह्या असतात. स्नानसंस्काराची वही, विवाहाची वही, मृत्यूची वही. आपल्या आजोबा-पणजोबांची नावे त्यांत आहेत, आपली आहेत आणि आपल्या लेकरांचीही आहेत. नाव वहीत चढले की आपण निश्चिंत होतो. पण वहीत नाव असणे आणि काळजात श्रद्धा असणे यांत किती अंतर असू शकते, हे पाहायचे असेल तर तीनशे वर्षांपूर्वीच्या श्रीलंकेचा, म्हणजे तेव्हाच्या सिलोनचा, इतिहास चाळावा. त्या इतिहासात एक भरगच्च नोंदवही आहे आणि एका भिकाऱ्याच्या गळ्यातली जपमाळ आहे. दोहोंपैकी काय टिकले, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

सिलोनच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांची सत्ता दीडशे वर्षांच्या आसपास होती. त्या काळात तेथे चर्च उभी राहिली आणि हजारो लोकांनी स्नानसंस्कार घेतला. यांतील कित्येकांनी तो मनापासून घेतला, तर कित्येकांनी राज्यकर्त्यांच्या मर्जीसाठी, अधिकारपदासाठी किंवा करात सूट मिळावी म्हणून घेतला, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मग वलंदेज म्हणजे डच आले. १६५६ मध्ये कोलंबो पडले, १६५८ मध्ये जाफना पडले. डच हे सुधारित पंथाचे. पोर्तुगीजांशी त्यांचे वैर राजकीय होते, तसेच धार्मिकही होते. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना हाकलून लावले, चर्च आपल्या ताब्यात घेतली आणि धर्मगुरूला घरात आसरा देणाऱ्याला देहदंडाची शिक्षा ठेवली.

डच राज्यकर्ते हिशेबाला पक्के. प्रत्येक गावी शाळा आणि शाळेत नोंदवही. त्या वहीला ‘तोंबो’ म्हणत. हा शब्द मुळात पोर्तुगीजांचाच, गोव्याला आणि वसईला जमिनीच्या दफ्तरांमुळे परिचित असलेला. या तोंबोत मुलाचा बाप्तिस्मा आणि जोडप्याचे लग्न नोंदले जाई. ज्याची नोंद नाही त्याचे लग्न कायद्याने लग्न नव्हे, त्याच्या मुलांना वारसाहक्क नाही, आणि त्याला सरकारी हुद्दा मिळण्याची आशा नाही. साहजिकच लोक रांगेने आले. नावे लिहिली गेली. कागदोपत्री किनारपट्टीवरचे जवळजवळ सारे गाव सुधारित पंथाचे झाले.

या साऱ्यांना भेकड म्हणून मोकळे होण्याचा अधिकार आम्हांला नाही. डोक्यावर देहदंडाची तलवार नसताना आपण काय काय टाळतो, हे आपले आपल्याला ठाऊक आहे. त्या लोकांपैकी अनेकांनी दिवसा शाळामास्तरांसमोर नाव लिहिले आणि रात्री दार लावून पवित्र मारियेच्या चित्रासमोर गुडघे टेकले. मिस्सा नव्हती, पापनिवेदन नव्हते, आजाऱ्याला शेवटचे तेल लावायला कोणी नव्हते. एकोणतीस वर्षे असे चालले. या काळात एक अख्खी पिढी धर्मगुरूचा चेहरा न पाहता वाढली.

आता थोडे गोव्याकडे वळू. कारण सिलोनचे दुःख गोव्यात ठाऊक नव्हते असे नाही. त्या वेळी गोव्यात चर्च भव्य होती, सण थाटाचे होते, धर्मगुरूंचा तुटवडा नव्हता. एतद्देशीय धर्मगुरूंना युरोपीय धर्मसंघांची दारे बहुधा बंद असत, हा अन्याय होताच. पण ज्यांना जागा होत्या त्यांचे आयुष्य स्वस्थ होते. सिलोनच्या बातम्या येत, लोक हळहळत आणि कामाला लागत. वाईट असे कोणी काही करीत नव्हते. फक्त उठून जात कोणी नव्हते. श्रद्धेतली सुस्ती बहुधा अशीच असते. तिला नकार द्यावा लागत नाही, नुसते बसून राहिले तरी पुरते.

अशा वेळी एक माणूस उठला. फादर जोसेफ वाझ. जन्म २१ एप्रिल १६५१, बाणावलीला आजोळी. घराणे सांकवाळचे. १६७६ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढच्याच वर्षी सांकवाळच्या चर्चमध्ये त्यांनी आपण पवित्र मारियेचे आजन्म दास आहोत, असा लेख स्वहस्ते लिहून दिला. १६८१ ते १६८४ या काळात कानडी मुलुखात, मंगळूर, बसरूर, गंगोळी या भागांत, त्यांनी विखुरलेल्या कॅथलिक कुटुंबांची सेवा केली. तेथे धर्माधिकाराच्या हद्दीवरून पोर्तुगालचा पाद्रोआदो आणि रोमचे प्रोपागांदा असा वाद पेटला होता. दोन्ही बाजूंची मने राखीत या तरुण धर्मगुरूने काम केले. १६८५ मध्ये जुन्या गोव्यातल्या एका लहानशा गुरुसमूहात ते सामील झाले. हाच समूह पुढे संत फिलिप नेरी यांच्या नियमाने चालणारा ऑरेटरी संघ झाला, आणि त्याचे नेतृत्व वाझांकडे आले.

येथे त्यांना थांबता आले असते. नवा संघ, वडीलकीचा मान, लोकांचा आदर, सारे हाती होते. पण १६८६ मध्ये एका सेवकाला बरोबर घेऊन ते दक्षिणेकडे निघाले. तुतिकोरिनला झगा उतरवून त्यांनी मजुराचा वेष घेतला आणि १६८७ मध्ये जाफन्याच्या भूमीवर पाऊल ठेवले. प्रवासातच जुलाबाच्या आजाराने ते अर्धमेले झाले होते.

आता प्रश्न असा की कॅथलिक कोण, हे ओळखायचे कसे? तोंबोत पाहून उपयोग नव्हता, तेथे सगळेच सुधारित पंथाचे. उघड विचारावे तर पकडले जाण्याची भीती. फादर वाझांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागायला सुरुवात केली. भिक्षेची झोळी पुढे करायची आणि घरच्या माणसाच्या नजरेकडे पाहायचे. माळ पाहून ज्याचा चेहरा बदलला, तो आपला. अशा एका घराने हळूच आत बोलावले. मग त्या घराने दुसरे घर दाखवले. पुढे सिलालै या गावी त्यांनी मुक्काम केला. रात्री मिस्सा, रात्री पापनिवेदन, रात्रीच लग्ने आणि बाप्तिस्मे, आणि उजाडायच्या आत वाझ दुसऱ्या गावाला.

आम्हांला या प्रसंगात फादर वाझांइतकेच त्या दार उघडणाऱ्यांचे मोल वाटते. धर्मगुरूने जिवावर उदार व्हावे, असे आपण सहज म्हणून जातो. पण आपल्या घरात बायकामुले झोपलेली असताना, आसरा दिला तर मरण आहे हे माहीत असताना, अनोळखी भिकाऱ्याला आत घेणाऱ्या त्या बापाचे काय? त्याच्याजवळ पदवी नव्हती, अधिकार नव्हता. तीस वर्षांत कोणी त्याला प्रवचन दिले नव्हते. आईने पाठ करून घेतलेल्या चार प्रार्थना तेवढ्या होत्या. १६८९ च्या नाताळात डच शिपायांनी जाफन्यात छापे घातले आणि मिस्सेसाठी जमलेल्या लोकांना पकडले. फादर वाझ हाती लागले नाहीत. लोकांनी मात्र बेड्या, फटके आणि सक्तमजुरी सोसली. त्यांतले काही त्यातच मेले. त्यांनी वाझांचा ठावठिकाणा सांगितला नाही.

जाफन्यात राहणे अशक्य झाल्यावर वाझ पुत्तलमला आणि १६९२ मध्ये कॅंडीला गेले. कॅंडीचे राज्य सिंहली बौद्ध राजाचे, डचांपासून स्वतंत्र. तरी पोर्तुगीजांचा हेर म्हणून त्यांना तेथे कैदेत टाकण्यात आले. कैदेत त्यांनी हातपाय गाळले नाहीत, सिंहली भाषा शिकून घेतली. हळूहळू राजा विमलधर्मसूर्य दुसरा याला या माणसाच्या निरागसपणाची खात्री पटली आणि त्यांना मोकळीक मिळाली. छळणारे ख्रिस्ती आणि आसरा देणारा बौद्ध राजा, हा इतिहासाचा विरोधाभास आपण विसरू नये.

१६९६ मध्ये गोव्याहून मदतीला आणखी धर्मगुरू आले. त्यांत वाझांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो होते. थोड्याच दिवसांत कॅंडीत देवीची भयंकर साथ आली. माणसे आप्तांना रानात टाकून पळाली. राजधानी ओस पडली. मामा-भाचे मात्र राहिले. रोग्यांना उचलून आणायचे, धुवायचे, भरवायचे, मेलेल्यांना पुरायचे. रोगी कोणत्या धर्माचा, हे विचारायचे नाही. साथ ओसरल्यावर राजदरबारात वाझांबद्दल वेगळ्याच आदराने बोलले जाऊ लागले.

१७०५ मध्ये गोव्याचेच फादर जाकोम गोन्साल्विस आले. त्यांनी सिंहली आणि तमिळ भाषांत प्रार्थना, चरित्रे, उपदेशग्रंथ लिहिले. लोकांच्या मुखी असलेल्या भाषेत धर्म गेला की तो घरात राहतो, हे या गोवेकरांनी ओळखले. त्याच सुमारास रोमच्या प्रतिनिधीने फादर वाझांना सिलोनचे धर्मप्रमुख होण्याविषयी विचारले. त्यांनी नम्रपणे नाकारले. १६ जानेवारी १७११ रोजी कॅंडी येथे त्यांचे निधन झाले. एकदा गेल्यावर ते गोव्याला परतले नाहीत. त्यांच्यामागून गोव्याचे धर्मगुरू मात्र एकामागून एक जात राहिले, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत.

आता त्या नोंदवहीकडे परत येऊ. डचांचा अंमल चालू होता, तोंबो भरत होते, आकडे वाढत होते. १७९६ मध्ये इंग्रजांनी डचांकडून सिलोनचा किनारा घेतला. नव्या सरकारला लोकांच्या बाप्तिस्म्याशी कर्तव्य नव्हते. त्या वेळी कागदावर सुधारित पंथाचे तीन लाखांहून अधिक लोक होते. हुद्दे आणि वारसा यांचा वहीशी संबंध तुटला आणि थोड्याच वर्षांत हा आकडा उन्हातल्या दवासारखा विरत गेला. ज्यांना लोक सरकारी ख्रिस्ती म्हणत, ते सरकार गेल्याबरोबर गेले. उलट, ज्यांना वहीत जागा नव्हती, त्यांची चर्च दिसू लागली. १८०६ मध्ये इंग्रजांनी कॅथलिकांवरचे निर्बंध उठवले, तेव्हा लपलेली प्रजा उघड्यावर आली. आजही श्रीलंकेतल्या ख्रिस्ती लोकांत कॅथलिक बहुसंख्य आहेत.

यावरून एका पंथाला खोटे आणि दुसऱ्याला खरे ठरवण्याचा मोह होईल. आम्ही तो टाळतो. सुधारित पंथातही ख्रिस्तावर जीव टाकणारी माणसे होती आणि आहेत. पोर्तुगीज राजवट राहिली असती, तर लाभासाठी कॅथलिक झालेल्यांचा हिशेबही असाच निघाला असता. किंबहुना एकोणतीस वर्षांच्या दुष्काळाने कॅथलिकांची नोंदवही आधीच पाखडून काढली होती. फोल उडून गेले, दाणे राहिले. त्या दाण्यांना फादर वाझांनी पाणी घातले.

आपल्या वसई-साष्टीलाही अशी पाखडणी झाली आहे. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली आणि युरोपीय धर्मसंघ निघून गेले. मोठमोठे मठ आणि चर्च ओस पडली, त्यांचे भग्न कमान-खांब वसईच्या किल्ल्यात आपण मुलांना दाखवतो. पण श्रद्धा त्या खांबांबरोबर पडली नाही. थोड्या एतद्देशीय धर्मगुरूंनी आणि आपल्या शेतकरी, कोळी, बागायतदार पूर्वजांनी ती घराघरांत जपली. आजची आपली भरलेली चर्च त्या माजघरांतल्या संध्याकाळच्या माळेची देणगी आहे.

आणि म्हणूनच प्रश्न आपल्याला आहे. आपल्याला कोणी रात्री मिस्सा करायला लावीत नाही. घंटा वाजते, चर्च पाच मिनिटांवर असते, आणि तरी आपण प्रवेशगीत संपल्यावर पोहोचतो आणि शेवटच्या आशीर्वादाआधी निघतो. स्नानसंस्काराचा दाखला आपण शाळेच्या प्रवेशासाठी काढतो, विवाहाचा पासपोर्टसाठी. लग्नाच्या मांडवावर लाखो खर्च होतात आणि शेजारच्या आजारी म्हातारीकडे जायला सवड नसते. देवाला आपण नाकारलेले नाही. त्याला रविवारचा एक तास नेमून दिला आहे, इतकेच. प्रकटीकरणाच्या पुस्तकात कोमटपणाला जो कडक शब्द वापरला आहे, तो छळ करणाऱ्यांना नव्हे, तर अशाच एका सुखवस्तू मंडळीला उद्देशून आहे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबो येथे फादर वाझांना धन्य घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच शहरी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले. आपल्या कोकण किनाऱ्याचा हा संत. त्याचा फोटो भिंतीवर लावणे सोपे आहे. त्याहून अवघड, तरी आपल्या आवाक्यातले, एक काम आहे. आज संध्याकाळी दूरदर्शन संच बंद करून घरातल्या सगळ्यांनी एकत्र माळ म्हणावी, आणि उद्या सकाळी ज्याच्या घरी महिनोन्महिने कोणी गेले नाही, अशा एका घराची कडी वाजवावी.

उद्या एखादा अनोळखी भिकारी गळ्यात माळ घालून आपल्या दारी आला आणि त्याने आपल्या डोळ्यांत पाहिले, तर आपला चेहरा बदलेल का? आपल्या धर्मग्रामाच्या वहीत या प्रश्नासाठी रकाना नाही. त्याचे उत्तर ज्याचे त्याने उंबरठ्यावर उभे राहून द्यायचे आहे.