ताणलेल्या पाण्याचं मोजमाप

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढू लागलं की दुतर्फा उंच झाडं दिसतात. त्यांच्या शेंड्यापर्यंत पाणी पोचतं कसं?

विहिरीच्या काठावर बसवलेला पंप पाणी ओढतो, पण फार तर १० मीटर खोलीवरून. पाण्याला वर ढकलते ती बाहेरची हवा, आणि तिचं बळ तेवढंच. हे १६४४ साली इटलीच्या टॉरिचेल्लीने पत्रातून मांडलं. झाडं तर याहून उंच असतात! १८९४ साली डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी उत्तर सुचवलं. पानांतून वाफ उडते, तेव्हा पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून खालच्या कणांना वर खेचतात. खोडातलं पाणी दोरासारखं ताणलं जातं. त्यातला दाब शून्याच्याही खाली जातो. यालाच उणा दाब म्हणतात.

पण तो मोजायचा कसा? आत काही घालावं, तर बुडबुडा होऊन दोर तुटतो. १९६५ साली शोलँडर आणि सहकाऱ्यांनी छाटलेली डहाळी बंद भांड्यात दाबली आणि कापल्या टोकाशी रस दिसला तेव्हाचा दाब वाचला. खाऱ्या पाण्यातल्या खारफुटीत हा ताण हवेच्या दाबाच्या तिसाहून अधिक पट निघाला. आपली सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते, तिथली खारफुटी याच जातकुळीची. १९६६ साली मिलबर्न आणि जॉन्सन यांनी सुकत चाललेल्या एरंडाच्या पानातले टिकटिक आवाज यंत्राने टिपले. प्रत्येक टिक म्हणजे तुटलेला एक दोर.

दोर न तोडता मोजण्याची वाट प्रकाशाने दाखवली. ध्वनिलहरींवरून प्रकाश विखुरतो, हे फ्रान्सच्या ब्रिलुआँ यांनी १९२२ साली मांडलं. द्रवातल्या ध्वनिलहरींनी प्रकाश कसा वळतो, याचं गणित बंगलोरला रामन आणि नागेंद्रनाथ यांनी १९३५-३६ साली मांडलं. पुढे २०२३ साली जर्मनीतल्या संशोधकांनी केसासारख्या काचतंतूत कार्बन डायसल्फाइड बंद केलं आणि लेसरचा प्रकाश सोडला. परत आलेल्या प्रकाशाच्या कंपनसंख्येतल्या फरकावरून द्रवातल्या ध्वनीचा वेग कळतो, आणि वेगावरून दाब, उणा असला तरी!

गुरुजींनो, उन्हाळ्यात एखाद्या पानांच्या डहाळीला स्वच्छ पिशवी बांधून ठेवा. तासाभरात आत थेंब जमतील. ते पाणी कोणी ओढून आणलं, हे मुलांना विचारा.