ग्रॉइन म्हणजे काय? वाळू अडवणारा बांध कसा काम करतो

ग्रॉइन म्हणजे किनाऱ्यापासून थेट समुद्रात काढलेला दगडांचा बांध. कोकणात दिसणारा धूपप्रतिबंधक बंधारा किनाऱ्याला समांतर असतो, हा त्याला काटकोनात. लाटा तिरक्या येतात, म्हणून वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने सरकत राहते. ग्रॉइन ती अडवतो आणि त्या बाजूची पुळण रुंद होते. भारी ना? पण वाळू काही नवीन तयार होत नाही. पलीकडे ती पोचतच नाही, मग तिथला किनारा खचतो.

पुदुच्चेरीत १९८९ मध्ये बांधलेल्या बंदराच्या भिंतींनी (त्या ग्रॉइन नव्हत्या, तरी) हेच केलं. दक्षिणेला वाळू साचली, उत्तरेला शहरासमोरची पुळण गेली. शहर वाचवायला दगड टाकले, तर धूप आणखी उत्तरेला, तमिळनाडूतल्या मच्छीमार गावांकडे सरकली.